रणभूमीवरून कौन्सिलात : डॉ. बा. शि. मुंजे

नागपूरच्या सीताबर्डीवर मुंजे चौकात आज मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. रोज हजारो प्रवासी तेथे गाडी बदलतात आणि चौकाचे नाव उच्चारतात. हे मुंजे कोण, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी हिंदू महासभेचे नाव येते, फार तर नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेचे. बोअर युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेलेला हा माणूस पुढे निवडून येऊन मध्य प्रांताच्या विधिमंडळात बसला, आणि ते विधिमंडळ चालवण्यासाठी नव्हे तर बंद पाडण्यासाठी बसला, ही हकीकत मात्र विस्मरणात गेली आहे. सैन्यातून विधिमंडळात जाणारे आता नवलाचे राहिलेले नाहीत. परंतु शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा सैन्य इंग्रजांचे होते आणि कौन्सिलही इंग्रजांनीच दिलेले होते, तेव्हा या दोन्ही ठिकाणी वावरलेल्या माणसाची कथा आजच्या कथांहून बरीच वेगळी आहे.

बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूर येथे एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. बिलासपूर आज छत्तीसगडात आहे. त्या काळी ते मध्य प्रांताचे एक जिल्ह्याचे ठिकाण होते, आणि त्या प्रांतात नोकरी-व्यवसायानिमित्त विखुरलेली मराठी घरे पुष्कळ होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि मुंबई महापालिकेत वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी धरली. मुंबईत तेव्हा प्लेगचे थैमान चालू होते. पालिकेच्या डॉक्टराला कामाची वाण नव्हती आणि पुढचा मार्गही आखलेला होता.

तो मार्ग त्यांनी सोडला. १८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि मुंजे सैन्याच्या वैद्यकीय विभागातून तेथे रवाना झाले. या युद्धाशी भारतीयांचा संबंध मोठा विलक्षण आहे. त्याच आघाडीवर मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टराने सुमारे अकराशे भारतीयांचे शुश्रूषा पथक उभे केले होते आणि जखमी सैनिकांच्या डोल्या वाहिल्या होत्या. पुढे राजकारणात ज्यांचे मार्ग सर्वस्वी विरुद्ध दिशांना गेले, ते दोघेही युद्धात उतरले ते बंदूक घेऊन नव्हे, जखमींच्या सेवेसाठी. दोघांनीही ही सेवा साम्राज्याच्या बाजूने केली. परंतु दोघांनी तेथून आणले ते वेगळे. गांधींच्या मनात सेवेचा आणि सहनशक्तीचा विचार रुजत गेला. मुंजे परतले ते शस्त्र, कवायत आणि शिस्त यांच्या सामर्थ्यावरची श्रद्धा घेऊन. मूठभर बोअर शेतकऱ्यांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याला जेरीस आणल्याचे त्या काळच्या सगळ्या जगाने पाहिले होते. त्यांनी ते जवळून पाहिले.

परतल्यावर मुंजे नागपुरात स्थिरावले आणि नेत्रवैद्य म्हणून नावाजले. डोळ्यांच्या उपचारांवर त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला. आधुनिक शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टराने संस्कृतात वैद्यकीय ग्रंथ लिहावा, यात त्यांच्या स्वभावाचे दोन धागे एकत्र दिसतात. राजकारणात ते टिळकांचे अनुयायी झाले. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरात भरायचे होते. अध्यक्ष कोण यावरून जहाल आणि मवाळ यांच्यात इतकी जुंपली की अधिवेशन सुरतेला हलवावे लागले आणि तेथे काँग्रेसच दुभंगली. नागपुरातल्या त्या भांडणात जहालांच्या बाजूने मुंजे आघाडीवर होते. १९१० मध्ये केशव बळिराम हेडगेवार या तरुणाला वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवण्यात त्यांचाच हात होता.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्यांच्या अनुयायांपुढे पोकळी उभी राहिली. त्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात होणार होते. गांधींच्या असहकाराला तोडीस तोड नेतृत्व हवे म्हणून मुंजे आणि हेडगेवार पाँडेचरीला गेले आणि अरविंद घोषांना अध्यक्षपदाची गळ घातली. अरविंदांनी नकार दिला. अधिवेशन झाले, असहकाराचा कार्यक्रम मंजूर झाला आणि कौन्सिलांवर बहिष्कार पडला. टिळकांच्या पठडीतल्या लोकांना हा बहिष्कार मनापासून कधीच पटला नव्हता. शत्रूच्या किल्ल्याचा एक दरवाजा उघडा असताना बाहेर बसून राहणे त्यांना शहाणपणाचे वाटत नव्हते.

१९२२ च्या फेब्रुवारीत असहकार स्थगित झाला आणि दरवाजाचा प्रश्न पुन्हा निघाला. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १९२३ च्या प्रारंभी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात जायचे, पण सहकार्यासाठी नाही, तर आतून अडवणूक करण्यासाठी, असा त्याचा सरळ हिशेब होता. मुंजे यांना हा हिशेब पसंत पडला यात आश्चर्य नाही.

येथे त्या काळच्या कौन्सिलांची रचना थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा डाव तिच्यावर बेतलेला आहे. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती. पोलीस, न्याय, जमीन महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य अशी सोपीव खाती निवडून आलेल्या भारतीय मंत्र्यांकडे गेली. मतदार मूठभर, मालमत्तेच्या आणि कराच्या अटीत बसणारे. कौन्सिलाने राखीव खात्याचा खर्च नामंजूर केला तर गव्हर्नर स्वतःच्या अधिकारात तो पुन्हा घालू शके. मंत्र्यांचा पगार मात्र कौन्सिलाच्या मताने ठरत असे. द्विदल पद्धतीच्या चिलखतात एवढी एक फट होती.

पालमसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले तर हा सगळाच प्रकार परमुलखातला होता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. त्या वेळच्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगेपलीकडे वऱ्हाड लागे. ते वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच, पण १९०३ पासून कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलेले. म्हणून वऱ्हाडचे प्रतिनिधी आधी निवडून येत आणि मग त्यांची कौन्सिलावर रीतसर नेमणूक होई, असा कायद्याचा द्राविडी प्राणायाम चाले. नदीच्या अलीकडच्या मराठी माणसाला तेवढेही नव्हते. परभणीकरांना प्रौढ मताधिकाराने विधानसभेसाठी मत देण्याची संधी मिळाली ती १९५२ साली, हैदराबाद राज्यात. अमरावतीचा वकील नागपुरात मंत्र्याला धारेवर धरत होता तेव्हा पालमचा शेतकरी जहागीर, देशमुखी आणि निजामी अंमलदार यांच्या पलीकडे राज्य म्हणून काही ओळखत नव्हता. एका नदीने केलेला हा फरक मराठवाड्याच्या पुढच्या राजकारणात दीर्घकाळ जाणवत राहिला.

१९२३ च्या नोव्हेंबरात निवडणुका झाल्या. देशभरात स्वराज्य पक्षाला कोठे बऱ्यापैकी, कोठे थोडे यश मिळाले. निर्विवाद बहुमत मिळाले ते एकट्या मध्य प्रांतात. पक्षाच्या आघाडीवर मराठी भागातून मुंजे आणि हिंदी भागातून बिलासपूरचेच बॅरिस्टर राघवेंद्र राव होते. या विजयाची एक बाजू मात्र नजरेआड करता येत नाही. त्याच वर्षी नागपुरात मशिदीवरून वाजतगाजत दिंड्या नेण्यावरून तंटा माजला होता. प्रशासनाने बंदी घातली, ती मोडण्यासाठी दिंडी सत्याग्रह झाला आणि राजे लक्ष्मणराव भोसले यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर हिंदू सभा उभी राहिली. मुंजे तिचे उपाध्यक्ष आणि हेडगेवार चिटणीस होते. म्हणजे मुंजे कौन्सिलात शिरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोन निशाणे होती. स्वराज्य पक्षाचे निशाण सर्वांचे होते, दुसरे एका समाजाचे. पुढच्या आयुष्यात पहिले हळूहळू खाली येत गेले आणि दुसरे वर चढत गेले.

गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी बहुमतवाल्या पक्षाला मंत्रिपदे देऊ केली. पक्षाने ती नाकारली. मग अल्पमतातले दोघे मंत्री नेमण्यात आले. १९२४ च्या जानेवारीत कौन्सिलाने त्यांच्यावर अविश्वास दाखवला. मार्चमध्ये अंदाजपत्रक आले तेव्हा मागण्यांमागून मागण्या फेटाळल्या गेल्या आणि मंत्र्यांच्या पगाराची बाब पुढे येताच स्वराज्य पक्षाने तो वर्षाला दोन रुपये इतका ठरवला. अपमान पुरता व्हावा पण कायद्याच्या चौकटीतच व्हावा, अशी ही रक्कम होती. मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि गव्हर्नरने सोपीव खाती स्वतःच्या हाती घेतली. बंगालमध्येही त्या वर्षी मंत्र्यांचे पगार नामंजूर झाले, पण तेथे दासबाबूंना इतरांची मदत घ्यावी लागली होती. नागपुरात मुंजे आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वबळावर पहिल्याच हल्ल्यात किल्ला पाडला.

लढाई म्हणून हे चोख झाले. राज्यकारभार म्हणून पाहिले तर प्रश्न उरतो. जी खाती गव्हर्नरकडे परत गेली ती शाळांची, दवाखान्यांची, नगरपालिकांची होती. पोलीस आणि महसूल जिथल्या तिथे राहिले. म्हणजे सुधारणांनी भारतीयांच्या पदरात जे थोडेफार टाकले होते, नेमके तेवढेच या विजयाने परत गेले. इंग्रज सरकारला यामुळे लाज वाटली असेल, पण कारभार अडला नाही. बहुमताची सेना उभी आणि तिच्यासमोर लढायला कोणी नाही, अशी अवस्था पुढची दोन-अडीच वर्षे राहिली. किल्ला घेतल्यानंतर त्यात राहायचे कसे, याचा विचार स्वराज्य पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हता. नागपुरात ती उणीव सर्वांत आधी उघडी पडली, कारण विजयही तेथेच सर्वांत मोठा होता.

तडा गेला तो आतूनच. स्वराज्य पक्षाचे अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे कौन्सिलाचे अध्यक्ष होते. १९२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील गृहखाते स्वीकारले. मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर आणि मुकुंदराव जयकर यांनी उलट प्रश्न केला की, कौन्सिलात जाऊन नुसती अडवणूक कुठवर करायची? टिळकांनी १९१९ मध्ये प्रतियोगी सहकारितेचे सूत्र मांडले होते. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, असा त्याचा आशय. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याच्या बैठकीत या मताचे लोक एकत्र आले आणि नवा पक्ष झाला. त्यात केळकर, जयकर, बापूजी अणे यांच्यासोबत मुंजे होते. दोन रुपयांच्या पगाराचा पुढारी दोन वर्षांत अधिकारपदे घेण्याच्या बाजूला आला होता.

याला कोलांटउडी म्हणणारे तेव्हाही होते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते, पण पुरते बरोबरही नव्हते. मुंजे यांचा मूळ पिंड अडवणुकीचा नव्हताच, तो ताबा मिळवण्याचा होता. सैन्यात गेले ते साम्राज्याच्या सैन्यात, कारण शस्त्रविद्या तेथेच होती. कौन्सिलात गेले ते साम्राज्याच्या कौन्सिलात, कारण सत्ता तेथेच होती. आत शिरण्याला त्यांची कधीच हरकत नव्हती. खरी गंमत त्यांच्या सोबत्यांची झाली. तांबे १९२९ मध्ये मध्य प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले आणि राघवेंद्र राव आधी मंत्री व १९३६ मध्ये तेही हंगामी गव्हर्नर. गव्हर्नरला हतबल करण्यासाठी निवडून आलेल्या पक्षातून दोन गव्हर्नर निघाले.

मुंजे त्या वाटेने गेले नाहीत. १९२६ च्या निवडणुकीत त्यांनी प्रांत सोडला आणि दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात प्रवेश केला. पुढच्या जानेवारीत तेथले नवे गोल सभागृह उघडले. आज संविधान सदन म्हणून ओळखली जाते तीच ही इमारत. तेथे त्यांना त्यांचा जुना विषय सापडला. भारताच्या महसुलाचा फार मोठा वाटा सैन्यावर खर्च होत असे आणि त्यातल्या पैशालाही सभासदांच्या मताने हात लावता येत नसे. नागपुरात मंत्र्याचा पगार दोन रुपये करता आला, दिल्लीत सैन्याच्या अंदाजपत्रकावर केवळ भाषण करता येत होते. १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा होत्या. अधिकारी इंग्रज, शिपाई भारतीय आणि शिपायांतही पंजाबचा भरणा, ही व्यवस्था मोडल्याशिवाय स्वराज्य टिकणार नाही असे मुंजे मानत. यात त्यांची नजर स्वच्छ होती. उद्या राज्य मिळाले तर त्याचे रक्षण करणारे अधिकारी कोठून आणणार, हा प्रश्न त्या काळी फार थोडे पुढारी इतक्या चिकाटीने विचारत होते.

१९३० च्या अखेरीस ते पहिल्या गोलमेज परिषदेला गेले. काँग्रेसचे नेते तुरुंगात असताना त्यांनी लंडनला जावे याचा राग नागपुरातही होता. संरक्षणविषयक उपसमितीत लष्कराच्या भारतीयीकरणाची मागणी त्यांनी लावून धरली. तेथे बॅरिस्टर जीना यांचीही मागणी त्याच दिशेची होती, ही नोंद घेण्याजोगी आहे. लष्करी महाविद्यालयासाठी १९३१ मध्ये सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचे मुंजे सदस्य होते. १९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र होते आणि त्यांत पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा होते. त्या अकॅडमीचे श्रेय एकट्या मुंजे यांना देणे अतिशयोक्ती होईल. त्यांच्या आधी १९२५-२६ मध्ये स्कीन समिती झाली होती आणि अनेकांनी हा प्रश्न रेटला होता. पण रेटणाऱ्यांत प्रत्यक्ष युद्ध पाहिलेले लोकप्रतिनिधी फारसे नव्हते.

लंडनहून परतताना मार्च १९३१ मध्ये मुंजे इटलीत उतरले. तेथील बालिला या मुलांच्या निमलष्करी संघटनेची केंद्रे त्यांनी पाहिली आणि १९ मार्चला रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली. जे पाहिले त्याने ते भारावून गेले आणि तसे त्यांनी दैनंदिनीत लिहून ठेवले. त्या काळी युरोपातले पुष्कळ मान्यवर मुसोलिनीने भारावले होते, हे खरे. परंतु मुंजे यांचे भारावणे निव्वळ प्रवाशाचे नव्हते. तशीच शिस्त हिंदू तरुणांत आणावी, अशी योजना त्यांच्या मनात होती. डेहराडूनच्या अकॅडमीसाठी भांडणाऱ्या मुंजे यांना देशाचे सैन्य हवे होते. रोमहून आलेल्या मुंजे यांना समाजाचे सैन्य हवे होते. हे दोन्ही मुंजे एकच होते, आणि ही दोन उद्दिष्टे एकमेकांना छेद देतात असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड भाग हाच. गुणगान करणारे डेहराडूनवर थांबतात आणि निंदा करणारे रोमवर.

१९३२ च्या प्रारंभी त्यांनी अस्पृश्य समाजाचे मद्रासकडील नेते एम. सी. राजा यांच्याशी करार केला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा, असे त्याचे स्वरूप होते. डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. सप्टेंबरात पुणे करार झाला तेव्हा संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा हाच साचा पुढे आला, मात्र जागा किती आणि कोणाच्या संमतीने, हे आंबेडकरांशी बोलूनच ठरवावे लागले. हिंदू समाज एक ठेवायचा या मुंजे यांच्या धडपडीत ज्यांना एक ठेवायचे त्यांचे म्हणणे दुय्यम ठरत असे, ही तक्रार तेव्हा झाली आणि ती रास्त होती.

विधिमंडळाच्या राजकारणात त्यांचा प्रभाव १९३५ नंतर ओसरला. १९३७ मध्ये प्रांतांना स्वायत्तता मिळाली, काँग्रेसने मंत्रिमंडळे बनवली आणि नागपुरात डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. कौन्सिलात जाऊन सत्ता घ्यावी, हे प्रतियोगी सहकारितावाद्यांचे म्हणणे काँग्रेसने आचरणात आणले आणि त्यांचा पक्ष मात्र अडगळीत गेला. मुंजे तोवर नाशिककडे वळले होते. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ च्या जूनमध्ये भोसला सैनिकी शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेला हा माणूस संस्थानिकांकडे आणि धनिकांकडे निधीसाठी फिरत होता. गंगापूर रस्त्यावरच्या त्या जागेला रामभूमी असे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदूंनी सैन्यात मोठ्या संख्येने भरती व्हावे असा प्रचार त्यांनी आणि सावरकरांनी केला. चले जावच्या काळात ही भूमिका लोकांना रुचली नाही. सत्तावीस वर्षांच्या वयात जे केले तेच सत्तरीत इतरांना करायला सांगत होते, एवढे सातत्य त्यात होते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची हत्या झाली आणि हिंदू महासभेच्या नेत्यांवर लोकांचा रोष उसळला. त्यानंतर सुमारे महिनाभराने, ३ मार्च १९४८ रोजी मुंजे यांचे निधन झाले. बोअर युद्धात एकाच बाजूने गेलेले हे दोघे तेहतीस दिवसांच्या अंतराने गेले. मुंजे यांची दैनंदिनी आणि कागदपत्रे पुढे दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पोहोचली. २०२३ मध्ये त्या संस्थेचे नाव बदलले. इसवी सन २००० मध्ये इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी त्यातली रोमची पाने प्रकाशात आणली, तेव्हापासून त्यांच्याविषयीची बहुतेक चर्चा त्या दहा दिवसांभोवती फिरत आहे. नागपूरच्या कौन्सिलातली तीन वर्षे अद्याप त्या मानाने कोणी उघडून पाहिलेली नाहीत.